तक्त्यात एक रकाना राहिला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या संगणकाचा घरगुती सर्व्हर कसा करावा, याविषयी लेख आला होता. विंडोज १० ला दुरुस्त्या मिळण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी) चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर विंडोज ११ ला सहसा चालत नाही. अशा वेळी चालू स्थितीतले यंत्र भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्यापेक्षा त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालावी आणि घरातले फोटो, कागदपत्रे त्यावर ठेवावीत, हा लेखातला सल्ला मला पूर्ण पटला. माझी तक्रार आहे ती लेखाखालच्या तक्त्याबद्दल. त्यात किंमत आहे, दिसायला कशी आहे ते आहे, शिकायला सोपी की अवघड ते आहे आणि शेवटी चांदण्या आहेत. ती सिस्टीम कधीपर्यंत चालणार आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा रकाना मात्र नाही. माझ्या मते सगळ्यात आधी भरायचा रकाना तोच.

मी दूरसंचार खात्यात होते. २०२० च्या जानेवारीअखेर जी मोठी स्वेच्छानिवृत्ती झाली, तिच्यात बाहेर पडले. एक्स्चेंजमध्ये नवे काही आले की त्याचे गुण ऐकायच्या आधी आम्ही विचारत असू, की याची कार्डे किती वर्षे मिळणार आणि बिघडले तर कोणाला फोन करायचा. सी-डॉट या सरकारी संस्थेच्या एक्स्चेंजमध्ये महत्त्वाचे प्रत्येक कार्ड जोडीने असायचे. एक कामाला, दुसरे तयारीत. ती सवय घरीही आली. सांगलीत आमच्या घरी सर्व्हर पहिल्या मजल्यावर आहे, आणि तो तिथे का, हे सांगलीकरांना सांगावे लागणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी कृष्णामाईने जे दाखवले, त्यानंतर आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची खूण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तळमजल्यावर ठेवलेल्या कागदपत्रांचे आणि अल्बमांचे काय झाले, ते घरोघरी बघितले. सर्व्हरची गरज तिथून निघाली. यंत्र जुने, इंटेलच्या तिसऱ्या पिढीचे, ८ जीबी रॅम आणि एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन हार्ड डिस्क. तिसरी प्रत पुण्याला भाच्याकडे. पूर आला तरी पुण्यातल्या आणि सांगलीतल्या दोन्ही घरांत एकाच वेळी येणार नाही, एवढा हिशेब.

या यंत्रावर सेंटओएस ७ होती. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेड हॅट नावाची कंपनी मोठ्या उद्योगांना पैसे घेऊन लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम पुरवते. तिचाच उघडा सोर्सकोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) घेऊन स्वयंसेवक २००४ पासून फुकटात जी जुळी आवृत्ती बांधत, ती सेंटओएस. जगभरातले कितीतरी वेबसर्व्हर तिच्यावर चालत. २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला, आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅटच विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेंटओएस ८ आली. मुदत २०२९ पर्यंत असल्याचे सांगितले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. म्हणजे दहा वर्षांचे आश्वासन सव्वादोन वर्षांत आटोपले. गंमत अशी की जुनी सातवी आवृत्ती मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली. उत्साहाने नवी घेतली त्यांची पंचाईत झाली आणि जे जागचे हलले नाहीत त्यांना अडीच वर्षे जास्त मिळाली. मी न हलणाऱ्यांतली. यात माझी हुशारी काही नव्हती, चालू यंत्राला हात लावू नये ही खात्यातली शिस्त होती.

‘मुदत संपली म्हणून यंत्र थोडेच बंद पडते?’ असे आमचे यजमान विचारतात आणि त्यांचेही खरेच आहे. ३० जूननंतर १ जुलैला सर्व्हर तसाच चालू होता. पण सेंटओएसने पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, कुठून आणायची ते सांगणारा पत्ताच बंद केला. जुनी पॅकेजे संग्रहात हलवली. नवीन काही बसवायला गेले की यंत्र नुसती चूक दाखवू लागले. ती अडचण वाट वळवून सोडवता येते. न सुटणारी गोष्ट वेगळीच आहे. घरातल्या फाइली वाटून देणारा सांबा नावाचा जो प्रोग्रॅम आहे, त्यात २०१७ मध्ये असे भोक सापडले होते की लिहिण्याची परवानगी असलेला कोणीही सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवू शकत होता. तेव्हा दुरुस्ती लगेच आली, कारण दुरुस्ती करणारे जागेवर होते. पुढच्या वेळी असे भोक सापडले तर सेंटओएस ७ साठी ते फुकट बुजवणारा कोणी नाही. ज्या घरात टीव्ही, पाहुण्यांचे मोबाइल आणि शेजारच्या पोरांचे गेम सगळे एकाच वायफायवर असतात, तिथे ‘आतल्या जाळ्यावर कोण येतंय’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

मग पर्याय शोधणे आले. भाच्याचे मत ठाम. ‘आत्या, उबुंटू टाक, सगळ्यांकडे तेच आहे.’ वाईट सल्ला नव्हता. उबुंटू या लिनक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि घरगुती वापराच्या पाच यंत्रांपर्यंत नाव नोंदवले तर फुकटात आणखी पाच वर्षे. हिशेब केला तर हे माझ्या वयाला पुरते. पण ही सवलत एका कंपनीने दिलेली आहे आणि कंपनीने दिलेली सवलत कंपनी मागे घेऊ शकते. सेंटओएसचे ताजे असताना मला ते नको वाटले. ज्याला त्याचे काही वाटत नाही त्याने उबुंटू खुशाल घ्यावी, पाप लागणार नाही.

सेंटओएसची जागा घ्यायला दोन सिस्टीम लगोलग उभ्या राहिल्या. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी रॉकी लिनक्स काढली, आणि आल्मालिनक्सची पहिली पक्की आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. माझ्या रकान्यात आल्मा सगळ्यांत वर बसते, हे कबूल केले पाहिजे. तिच्या नवव्या आवृत्तीला मे २०३२ पर्यंत दुरुस्त्या आहेत. पण रकान्याचा दुसरा अर्धा भाग आहे ना, ठरवणार कोण. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य सिस्टीमचा सोर्सकोड सर्वांसाठी ठेवणे थांबवले. ग्राहकांना मिळेल, बाकीच्यांनी सेंटओएस स्ट्रीम (रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची आधी दिसणारी शाखा) पाहावी, असे सांगितले. आल्माने त्यावर तोडगा काढला. हुबेहूब जुळी राहण्याचा हट्ट सोडून, प्रोग्रॅम तेच चालतील एवढी सुसंगतता राखायचे ठरवले. शहाणपणाचा निर्णय होता. तरी पाट आपला आणि धरण दुसऱ्याचे, अशी ही शेती आहे. पाणी सुटेपर्यंत पीक उत्तम.

शिवाय यंत्राच्या वयाचा प्रश्न. रेड हॅटची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये आली आणि तिला इंटेलच्या चौथ्या पिढीत आलेल्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन) प्रोसेसरमध्ये असाव्याच लागतात. माझ्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर ती चढतच नाही, आणि रॉकीची दहावीही नाही. आल्माने जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे, ही तिची चांगली बाजू. आपल्या लेखात जुन्या संगणकाचा सर्व्हर करा म्हटले आहे, पण जुना म्हणजे किती जुना, हे कुठेच नाही. वाचक रात्रभर डाउनलोड करणार आणि सकाळी काळ्या पडद्यावर चूक वाचत बसणार.

फाइली साठवण्यासाठीच बनवलेल्या ट्रूनॅस या सिस्टीमला आपण सर्वाधिक चांदण्या दिल्यात. दिसायला छान आहे यात वाद नाही, सगळा कारभार ब्राउझरमधून होतो. पण तिला फाइली ठेवायला डिस्क झेडएफएस पद्धतीने आखून लागतात, म्हणजे भरलेल्या डिस्क आधी रिकाम्या करा. सिस्टीमसाठी वेगळी डिस्क लागते ती निराळीच. ८ जीबी रॅम ही तिची किमान अट, म्हणजे माझे सगळे यंत्र तिच्या उंबरठ्यावरच संपते. आणि तिथेही मुदतीची गोष्ट आहेच. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या पण वेगळ्या सिस्टीमवर उभी असलेली जुनी ट्रूनॅस कोअर कंपनीने देखभालीपुरती ठेवली आणि सगळे लक्ष डेबियन लिनक्सवर उभ्या असलेल्या नव्या शाखेकडे वळवले. ज्यांनी विचारपूर्वक फ्रीबीएसडी निवडली होती, त्यांना पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला. अनरेड या अशाच सिस्टीमला पैसे पडतात आणि ती पेनड्राइव्हवरून चालते. मला आवडली नाही, त्याहून जास्त सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

फाइली ठेवायचा तयार डबा घ्या, असेही लेखात सुचवले आहे. असे डबे विकणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की तिच्या त्या वर्षीच्या काही नव्या यंत्रांत तिनेच मान्य केलेल्या डिस्क लागतील. लोकांनी ओरड केली आणि ऑक्टोबरमध्ये ती अट सैल झाली. ओरडीने झाले हे बरेच झाले. पण डबा आपल्या घरात, पैसे आपले, आणि आत कोणती डिस्क घालायची हे सहा महिने दुसरा ठरवत होता, एवढे लक्षात घ्यावे.

मी डेबियन घेतली. आपल्या तक्त्यात ती तळाशी आहे, ‘फक्त तज्ज्ञांसाठी’ असा शेरा मारून. म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये ती सुरू केली. कोणा कंपनीच्या मालकीची ती तेव्हा नव्हती आणि आजही नाही. हजाराच्या आसपास डेव्हलपर आहेत, त्यांची स्वतःची घटना आहे, वापरणाऱ्यांशी केलेला लेखी सामाजिक करार आहे आणि प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते. भांडणेही पुष्कळ होतात. २०१४ मध्ये सिस्टीमडी (यंत्र सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणारा प्रोग्रॅम) घ्यावी की नाही यावरून एवढे वाजले, की काही जण वेगळे निघाले आणि त्यांनी देवुआन काढली. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. पण सभेत ठरते म्हणूनच एका सकाळी कुणा अधिकाऱ्याने मुदत कापली, असे तिथे सहजासहजी होत नाही. आत्ताची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. पहिली तीन वर्षे मुख्य मंडळी दुरुस्त्या देतात, पुढची दोन वर्षे दुसरा गट देतो, म्हणजे जून २०३० पर्यंत. आल्मापेक्षा दोन वर्षे कमी. मग तरी हीच का? कारण २०३० च्या आधी मी चौदावीवर आणि तिथून पंधरावीवर जागच्या जागी चढू शकते. पायऱ्या गाळायच्या नाहीत, एकावेळी एक आवृत्ती, एवढी एकच अट. सगळे पुसून नव्याने बसवायची वेळ येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचे वय वाढत जाते आणि मुदत कितीही लांबची असली तरी ती संपल्यावर करायचे काम किती जड आहे, हे बघावे लागते.

बदल करायला फारसे काही लागले नाही. डेटाच्या दोन्ही डिस्कच्या तारा आधी काढून ठेवल्या. सिस्टीमच्या छोट्या एसएसडीवर डेबियन बसवली, मग तारा जोडल्या. डिस्कची जोडी लिनक्सच्याच सोयीने बांधलेली असल्यामुळे नव्या सिस्टीमने ती ओळखली आणि फोल्डर होते तसे समोर आले. तारा काढून ठेवण्याची युक्ती तक्त्याशेजारी चौकटीत छापली असती तर फार उपयोग झाला असता. डिस्क निवडताना बोट चुकले की आयुष्यभराचे फोटो पुसले जातात, आणि न जोडलेली डिस्क कोणाच्याच बोटाने पुसली जात नाही. यूपीएसची वायर यूएसबीला लावून दिली, वीज गेली आणि बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपला आपण नीट बंद होतो. मुलगा जर्मनीत आहे, त्याला फोटो पाहायला वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची कुलूपबंद वाट, करून दिला. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. सेंटओएस ७ चे कर्नल ३.१० मालिकेतले, तिथे ते बाहेरून आणून बसवावे लागे. बसवताना एक खोच मात्र आहे. मुख्य प्रशासकाचा पासवर्ड तुम्ही भरलात तर डेबियन सूडो (साध्या खात्यावरून प्रशासकाची कामे करायची सोय) देत नाही, ती जागा रिकामी ठेवली तर देते. उबुंटूवरून येणारे हमखास इथे अडतात.

आणि ‘फक्त तज्ज्ञांसाठी’ म्हणाल, तर बसवायला सुरुवात करताना भाषांची जी यादी येते तिच्यात मराठी आहे. पहिल्या पडद्यापासून प्रश्न मराठीत विचारले जातात. भाषांतर थोडे सरकारी वळणाचे आहे, पण आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी कोणाला न विचारता ते वाचून बसवले.

डेबियनमधली पॅकेजे जुनी असतात, हा लेखातला आक्षेप खरा आहे. जुनी असतात. २०२४ च्या मार्चअखेर एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी दोनेक वर्षे विश्वास संपादन करून चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचने (दुरून सर्व्हरवर जाण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याची शंका आली आणि त्याने मुळापर्यंत जाऊन ते शोधले. ती बिघडवलेली आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती. पक्क्या शाखेत नव्हती, कारण तिथे नवे असे घाईने जातच नाही. घरच्या सर्व्हरला नवेपणाची इतकी काय निकड असते? सासऱ्यांच्या हार्मोनियमच्या कॅसेटी नव्या पॅकेजमध्ये जास्त सुरेल वाजत नाहीत.

कॅसेटींवरून आठवले. विंडोजवरून येणाऱ्या मराठी वाचकांना भेडसावणारी एक अडचण लेखात नाही, आणि ती इंग्रजी लेखांतही सहसा सापडत नाही. यजमानांच्या विंडोज संगणकावर एका ध्वनिमुद्रणाचे नाव असे होते: ‘अण्णांच्या हार्मोनियमची साथ गणेशोत्सव मेळा हरिपूर संगमेश्वर देवळाच्या प्रांगणात कॅसेट दुसरी बाजू अ’. सर्व्हरवर ती फाइल जाईना, नाव फार लांब म्हणून नकार. विंडोजमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थांत २५५ बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे. ‘च्या’ लिहिले की चार गेली. हे डेबियनलाच नाही, आल्मा, उबुंटू सगळ्यांना लागू आहे. उपाय सोपा आहे. कार्यक्रम आणि गाव यांचे फोल्डर करावेत, फाइलीच्या नावात फक्त कॅसेट आणि बाजू ठेवावी. पण हे आधी केले पाहिजे. हजारो फाइलींची नक्कल चालू असताना मध्येच पाचपन्नास गाळल्या गेल्या, तर त्या कुठल्या हे शोधत बसणे कर्मकठीण, आणि जुनी डिस्क पुसून झाल्यावर तर विचारूच नका.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र कृपया छापावी. अगदी जुन्या, ३२ बिटांच्या संगणकावर डेबियनची नवीनतम आवृत्ती घाला, असे आपल्या लेखात म्हटले आहे. तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या पीसीसाठी ती बसवण्याची सोय काढून टाकली आहे. अशा यंत्रावर बारावी चालते, तिला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या आहेत. त्यानंतरसाठी वेगळी सोय बघावी लागेल. तक्ता पुन्हा छापणार असाल तर ही तारीखही त्यात यावी.

आपली,
एक वाचक
(निवृत्त दूरसंचार अधिकारी), सांगली